मेहुण्याला रानबंदी

हॉगस्टाड फार्म, व्हर्नन काउंटी, विस्कॉन्सिन
१६ ऑक्टोबर

तीर्थरूप आर्डिसताईस,
ओर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे मिळाले. मोजे झकास आहेत, पण तू ते सुवासिक साबणानं धुतलेस. आता त्यांना ओकच्या पानांत पुरून ठेवलंय. वास गेला की मग रानात न्यायच्या लायकीचे होतील. तुला किती वेळा सांगितलं, हरणाला माणूस दिसत नाही, माणसाचा वास दिसतो. पण सांगून ऐकशील तर तू ताई कसली!

बातमी अशी की बिशप परत आलाय. दहा टोकांची शिंगं, मान ही एवढी जाड, आणि चालणं असं, की चर्चमध्ये सगळे उभे राहायची वाट बघतोय. पांढऱ्या शेपटीची हरणं या दरीत पैशाला पासरी आहेत, पण असा जाणता नर एखादाच. गेली तीन वर्षं तो मला खेळवतोय. यंदा मी त्याला सोडत नाही. माझा खांदा आणखी किती मोसम धनुष्य ओढू देईल, कुणास ठाऊक.

काल संध्याकाळी तो मक्याच्या शेतातून बाहेर आला. मी माझ्या ओकवर, वर्लिन शेजारच्या ओकवर, नेहमीप्रमाणे. बिशप आणखी दहा पावलं पुढं आला असता की बाण सुटलाच होता. आणि नेमका तेव्हाच आपला वर्लिन घसा खाकरून मला हाक मारतो! झाडावर! बिशपनं नाक फुरफुरवलं, शेपूट वर केली आणि गेला टेकडीपार. मी वर्लिनला विचारलं की काय आग लागली होती. तर म्हणाला, काही नाही, सहज. अगं, चाळीस वर्षांत हा माणूस झाडावर साधा शिंकला नाही, आणि आता याला सहज बोलायचंय!

असो. नोव्हेंबर येऊ दे. एरवी जाणता नर फार हुशार, पण माजावर आला की त्याची अक्कल चरायला जाते. खात नाही, झोपत नाही, भरदिवसा मादीच्या मागं खालमानेनं फिरतो. तेव्हा घावेल.

वर्लिन हल्ली नीट जेवतही नाही. पोटाचं काहीतरी असणार.

कृपालोभ असावा, आणि यापुढं साबण बिनवासाचा असावा.
तुझा ओर्लिन

---

वेस्टबी
१७ ऑक्टोबर

श्रीमती आर्डिसबाई प्रुइट यांस,
वर्लिन स्कारचा कृ. सा. न. वि. वि.

शुक्रवारी आपल्याबरोबर मासे खाल्ले, ते फार चांगले होते. बटाटेही चांगले होते. आपण केलेला वेलदोड्याचा पाव मी घरी येऊन उभ्याउभ्याच संपवला. त्याबद्दल आभारी आहे.

आपण मला हो म्हणण्याआधी एकच अट घातलीत, की ओर्लिनला मी स्वतः सांगावं, आणि तेही बंदुकवाल्यांचा मोसम सुरू व्हायच्या आत. मी परवा प्रयत्न केला. धीर गोळा करण्यासाठी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि त्याला हाक मारली. डोळे उघडले तेव्हा बिशपची शेपूट दिसली. मला काय माहीत तो आलाय!

आपण विचाराल, झाडावरच कशाला सांगायचं. अहो, गाडीत ओर्लिनच बोलतो. घरी ओर्लिनच बोलतो. तो गप्प बसतो ते फक्त झाडावर.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. आपले दिवंगत यजमान लॉवेल यांना ओर्लिननं एकदाच रानात नेलं होतं, ते आपल्याला आठवतच असेल. ते अत्तर लावून आले, झाडावर बटाट्याच्या कापांची पिशवी फोडली, आणि हरीण आलं तेव्हा त्याला हात केला. त्या रात्री आपल्या आईंच्या समोर, आजोबांच्या बायबलवर हात ठेवून ओर्लिननं शपथ घेतली, की माझ्या जिवात जीव आहे तोवर कुठल्याही मेहुण्याला माझ्या रानात पाय ठेवू देणार नाही. मी तेव्हा तिथंच बसलो होतो. मी टाळ्याही वाजवल्या होत्या.

मला आपण हव्या आहात. पण ते झाडही हवं आहे. चौसष्ट वर्षांच्या ब्रह्मचाऱ्यानं एवढं मागणं म्हणजे हावरटपणा आहे, हे कळतं.

एक छोटी डबी घेतली आहे. तिच्यात काय आहे ते लिहीत नाही. वेळ आली तर ओर्लिनला दाखवता यावी म्हणून शिकारीच्या पिशवीतच ठेवली आहे.

आपला,
वर्लिन स्कार (चीज कारखान्यातून निवृत्त)

---

ला क्रॉस
२० ऑक्टोबर

रा. रा. वर्लिन स्कार, चीज कारखान्यातून निवृत्त, यांस,
आर्डिसचा सप्रेम नमस्कार.

अहो, लग्नाचं विचारून झालं तरी 'श्रीमती प्रुइट यांस'? आणि सहीपुढं कारखाना? मी काय तुम्हाला नोकरीवर ठेवून घेतेय?

अट तीच राहील. माझ्या भावाची परवानगी मला नको. बासष्ट ओलांडल्यावर मी कुणाला विचारून घोंगडं पांघरत नाही. पण तो एकटा आहे आणि त्याला तुमच्याशिवाय कुणी नाही. ही गोष्ट त्याला चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिसऱ्याकडून कळली, तर तो आयुष्यभर मनात धरील. तेव्हा तोंडानं सांगा. चिठ्ठीचपाटी नको. माझ्यापायी तुमची चाळीस वर्षांची दोस्ती तुटली, तर हिवाळाभर समोर बसून तुमचं सुतकी तोंड बघायचं कोणी? त्यापेक्षा मी एकटी बरी.

त्या शपथेचं म्हणाल, तर लॉवेल बिचारा साधा होता. हरणाला हात करण्यात काय वाईट आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

जरा खात जा. सोबत पाव पाठवते आहे. घरी बसून खा.

लोभ वाढवावा, घाबरणं कमी करावं.
आर्डिस

---

हॉगस्टाड फार्म
६ नोव्हेंबर

ती. ताईस,
ओर्लिनचा सा. न.

हे पत्र जरा गंभीर आहे. बसून वाच.

काल सकाळी मस्त थंडी होती. वारा अगदी हवा तसा. बिशप ओढ्याकडून नाक जमिनीला लावून येत होता. मी धनुष्य उचललं. आणि अचानक, भर रानात, मला वेलदोड्याचा वास आला. आईच्या स्वयंपाकघरातला. नाताळचा पाव भट्टीतून काढला की यायचा तोच.

मला वाटलं, संपलं. आई न्यायला आली. मी धनुष्य खाली केलं, टोपी काढली आणि जमेल तेवढी प्रार्थना म्हटली. बराच वेळ झाला तरी मरेना. तोवर बिशपलाही वेलदोडा लागला असावा, तो आल्या पावली परत फिरला. पलीकडं बघतो तर वर्लिन तोंडाला हातमोजा लावून बसलेला. त्याचे गाल फुगलेले होते.

डॉक्टरांकडं जाऊ का? मेंदूत काही झालं की माणसाला नसलेले वास येतात, असं कुणीतरी म्हणत होतं. वेलदोड्याचाच येतो का, ते तू तुमच्या तिकडच्या डॉक्टरीणबाईंना विचार.

वर्लिनचं काही ठीक नाही. परवा केस कापून आला. बुटांना पॉलिश करतो. रानात जायच्या बुटांना! शुक्रवारी संध्याकाळी त्याची गाडी दारात नसते. मी काही विचारत नाही. जाणत्या नराच्या मागं धावून तो कधी मिळत नाही. झाडावर गप्प बसायचं, तोच येतो.

पत्राची वाट बघतो, जगलो वाचलो तर.
ओर्लिन

---

ला क्रॉस
९ नोव्हेंबर

चि. ओर्लिन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टरकडं जाऊ नकोस. वेलदोड्यानं आजवर कुणी मेलेलं नाही. आईची आठवण येते म्हणतोस, तर बरंच आहे की. तिच्या थडग्यावरचं गवत काढून ये.

वर्लिनशी जरा मायेनं वाग. आणि कधीतरी तू गप्प बसून समोरच्याला बोलू देत जा. झाडावरून उतरल्यावरसुद्धा.

बिशपला माझा नमस्कार. मी लहानपणापासून बाबांच्या, तुझ्या, सगळ्यांच्या हरणांच्या गोष्टी ऐकत आले, पण माझ्याकडं काम ते पाव भाजायचं, रानात मला कुणी कधी बोलावलं नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

माया आहेच, ती मोज्यांवरून ओळखावी.
तुझी ताई

---

वेस्टबी
१९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय आर्डिस,

मी हरलो. आजपासून बंदुका वाजायला लागल्या, तुम्ही दिलेली मुदत संपली, आणि मी काल सांगितलं नाही.

काल शेवटची संध्याकाळ होती. मी ठरवूनच गेलो होतो, की सूर्य टेकडीला टेकला की बोलायचं. सगळी वाक्यं पाठ केली होती. सूर्य टेकला. मी तोंड उघडलं. आणि एक मादी पळत आली, तिच्यामागं बिशप! जीभ बाहेर, डोळे तांबारलेले, आजूबाजूला काय चाललंय याची शुद्ध नाही. माझ्याच झाडाखाली येऊन थांबला. मला त्याच्या पाठीवरची पानं दिसत होती. मी बाण मारायचा तर तो अगदी हातात होता. पण तीन वर्षं ओर्लिननं ज्याची वाट पाहिली, त्याला मी कसा मारू?

मी बोललो असतो तर तो पळाला असता. नाही बोललो तर तुम्ही गेलात. मी हातमोजा दातात धरला आणि पिशवी छातीशी इतकी घट्ट आवळली, की आतलं काहीतरी फुटलं. बिशप चार पावलं पुढं गेला. ओर्लिननं खांदा दुखत असताना धनुष्य पूर्ण ओढलं आणि सोडलं. असा नेम मी आयुष्यात पाहिला नाही.

घायाळ हरणामागं लगेच धावायचं नाही, या नियमाप्रमाणं आम्ही बराच वेळ झाडावरच थांबलो, मग पानांवरचं रक्त बघत ओढ्यापर्यंत गेलो. तिथं तो पडला होता. ओर्लिन गुडघ्यावर बसला आणि त्याच्या मानेवर हात फिरवत रडला. मीही रडलो. त्याला वाटलं असेल की मी त्याच्या आनंदानं रडतोय. तेही खोटं नव्हतं.

तुमची अट मी मोडली. तुम्ही नाही म्हणालात तर माझी तक्रार नाही. पण शुक्रवारच्या माशांना येत जाईन, परवानगी असेल तर. आर्डिस, तुम्ही मला फार आवडता. हे मी पत्रात पहिल्यांदाच लिहितोय आणि माझे कान तापले आहेत.

तुमचाच,
वर्लिन

---

हॉगस्टाड फार्म
२० नोव्हेंबर

ती. ताईस,
ओर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. ज्याच्या हाती पाठवतोय तो तुझ्या दारात उभा असेल. आधी त्याला आत घे, बाहेर गारठा आहे. मग पुढचं वाच.

बिशप गोठ्यात टांगलाय. मांस तिघांत वाटायचं, सॉसेज तुझ्याकडं पाठवतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघं मला काय दुधखुळा समजता? अगं, मेलेली माणसं वेलदोडा घेऊन ओकवर चढत नाहीत, एवढं मला कळतं. आईनंतर तसा पाव फक्त तू करतेस. खाणं सुटलंय, केस कापलेत, बूट चमकतायत, शुक्रवार आला की गाडी ला क्रॉसच्या रस्त्याला. जमिनीवरच्या एवढ्याशा खुणेवरून मी नराचं वय सांगतो, आणि शेजारच्या झाडावर माजावर आलेला नर मला ओळखू येणार नाही? डॉक्टरीणबाईंना विचार म्हणून लिहिलं, ते तुझी गंमत बघायला. तू मात्र मला थडग्यावरचं गवत काढायला लावलंस! काढलं, चांगलं झालं.

मी गप्प बसलो, कारण तो आपण होऊन येईल असं वाटत होतं. परवा त्यानं तोंड उघडलेलं मी पाहिलं. बिशप आला तसं मिटलेलंही पाहिलं. स्वतः बाण मारू शकत होता, तोही मारला नाही. शेवटी आज सकाळी मीच विचारलं, की तुला माझ्या ताईबद्दल काही म्हणायचंय का. तर हा बाबा बिशपकडं बघून म्हणतो, हो. मग घडाघडा सगळं बोलला. मी मधे एकदाही बोललो नाही. तुझ्या अटीप्रमाणं त्यानं तोंडानं सांगितलंय. दोन दिवस उशीर झाला, तो माझ्या खात्यावर टाक. हरीण माझं होतं.

ती शपथ मी पाळणारच. आजोबांचं बायबल आहे. मेहुण्याला रानात पाय ठेवू देणार नाही, असं मी म्हणालो होतो. वर्लिननं पाय चाळीस वर्षांपूर्वीच ठेवलाय. आता तो काढायला सांगण्याबद्दल शपथेत काही नाही. मी पाद्रीबुवांनाही विचारलं. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

खरं सांगू ताई? मला बिशपची काळजी कमी होती. हा तुझ्या गावात राहायला जाईल आणि पुढच्या नोव्हेंबरात शेजारचं झाड रिकामं असेल, याची होती. ते त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, झाड सोडणार नाही.

माझी एकच अट. लग्न जानेवारीत करा, धनुष्याचा मोसम संपल्यावर.

तुझा, आणि त्याचाही,
ओर्लिन

---

ला क्रॉस
२७ नोव्हेंबर

चि. ओर्लिन यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र घेऊन आलेल्या माणसाला आत घेतलं. तो पायपुसण्यावरच गुडघ्यावर बसला आणि डबी उघडली. अंगठी सुंदर आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्लिनला वाटलं, आनंदानं. ओर्लिन, आनंदानं होतंच, पण त्या डबीतून जो भपकारा आला, त्यानं बैलालाही रडू फुटलं असतं!

तर त्या संध्याकाळी पिशवीत जी फुटली, ती तुमची हरणीच्या मुताची बाटली. नराला भुलवायला बाळगता ती. अंगठी दोन रात्री त्यात मुरली. मी हो म्हणाले, दारं-खिडक्या उघडल्या आणि तिला व्हिनेगरात टाकलं. मग सोड्यात. मग कॉफीच्या पुडीत. उपयोग शून्य. रविवारी शेजाऱ्यांचा कुत्रा चर्चपर्यंत माझ्यामागं आला, आणि खुद्द पाद्रीबुवांनी प्रवचन थांबवून खिडकी उघडली. वर्लिन रोज माफी मागतो. मी त्याला सांगितलं, वास राहिला तर राहू दे, अंगठी बोटातून निघायची नाही.

लग्न जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी. चर्चमध्ये तू मला हात धरून न्यायचंस. सूट ओकच्या पानांत पुरून ठेवू नकोस.

आता माझी अट. पुढच्या नोव्हेंबरात त्या दोन ओकांच्या मधे मला एक खुर्ची मांडायची. मेहुण्यावर बंदी आहे, बहिणीवर नाही. मी गप्प बसेन, कापं खाणार नाही, हरणाला हातसुद्धा करणार नाही. नुसता हात मांडीवर ठेवून बसेन. त्या दरीतला एकेक नर आपण होऊन माझ्या पायाशी येतो की नाही, बघ.

लोभ असावा, वारा माझ्याकडून तुझ्याकडं नसावा.
तुझी ताई,
आर्डिस (लवकरच) स्कार