घरच्यांत मी

पप्पा, साक्रीकडची माणसं तुम्हाला आबा म्हणायची. आमच्या वाट्याला नुसतं पप्पा. हे आधी सांगून टाकते, कारण मला तुमच्या त्या माणसांचा हेवा वाटायचा, आणि तो साधासुधा नव्हता. सोमवारी सकाळी तुम्ही पिशवी खांद्याला लावून धुळ्याच्या घरातून निघायचा. एस.टी.नं साक्री, तिथून डोंगरातल्या पाड्यांवर पायी. परत यायचा ते शनिवारी. तुम्ही पाळक, तेव्हा रविवार शहरातल्या चर्चच्या मंडळीचा, उपासनेचा. म्हणजे मला आणि आईला उरायची ती शनिवारची संध्याकाळ, आणि तीही तुम्ही प्रार्थनेत घालवायचा.

जेवणाआधी स्वयंपाकघरातच प्रार्थना व्हायची. आईने कळण्याच्या भाकरी उतरवल्या आहेत, ठेचा वाटून झालाय, आणि तुम्ही गोणपाटावर गुडघे टेकून डोळे मिटले आहेत. पाड्यावरचं एकेक माणूस तुम्ही नावानिशी देवापुढे उभं करता. याच्या बैलाचा खूर पिकलाय, त्याला बरं कर. हिच्या घरातली नागली संपत आलीय, तिच्याकडे बघ. आणि सगळ्यांत जास्त वेळ त्या फेफरं येणाऱ्या मुलीसाठी. माझ्याच वयाची होती ती. तिचं नाव घेताना तुमचा आवाज भरून यायचा. मी एक डोळा किलकिला करून तुमच्याकडे बघत असते, आता माझं नाव येईल, आता येईल म्हणून. शेवटी तुम्ही म्हणता, "आणि प्रभू, घरच्यांवर कृपा असू दे. आमेन." झालं. बैलाला खुरासकट जागा, आणि आई नि मी मिळून एक शब्द. तोवर भाकरी गार झालेली असायची. आई ती तव्यावर परत टाकताना पुटपुटायची, "दिव्याखाली अंधार." खरं सांगते, मलाही फेफरं यावं असं वाटायचं.

नववीत गणितात नापास झाले, दहावीत नुसती ढकलली गेले, तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी आपला नंबर लागेल. त्या शनिवारी मी अगदी तुमच्या शेजारी येऊन बसले. बैल झाला, नागली झाली, ती मुलगी झाली, आणि घरच्यांवर कृपा असू दे. मी तिथंच विचारलं, "माझं नाव का घेत नाही तुम्ही? मी कोणीच नाही का?" तुम्ही आधी आईकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "घरच्यांत तू आलीच की," म्हणालात. "आणि प्रार्थनेत मान मागू नये." एवढंच. नंतर पिशवीतून पानाच्या द्रोणातली करवंदं काढून पुढे ठेवलीत, पाड्यावरच्या पोरींनी दिली म्हणून. मी एकही तोंडात घातलं नाही. त्यांची उष्टी माया मला नको होती.

पुढच्या वर्षी माझी दहावीची परीक्षा झाली, आणि निकाल लागायच्या आत तुम्ही काविळीनं गेलात. मातीला डोंगरातून एवढी माणसं आली की अंगणात मला उभं राहायला जागा नव्हती. ती सगळी आबा, आबा करून रडत होती. मी कोपऱ्यात होते, आणि रडण्यातसुद्धा हे माझ्या पुढे, असं मनात आल्याचं मला स्वच्छ आठवतं.

मग मी तिकडे कधी गेले नाही. नोकरी जळगावच्या पोस्टात लागली, संसारही इथेच झाला. यंदा मात्र पाड्यावरच्या मंडळीनं कापणीच्या सणाला बोलावणं धाडलं. सिमेंटचं नवं प्रार्थनाघर बांधलंय, आबांच्या घरचं कोणीतरी पाहिजेच म्हणाले. पोटात दुखत होतंच, तरी गेले. वेदीपुढे भोपळे, तुरीच्या शेंगा, नागलीची कणसं, पाय बांधलेली एक कोंबडी. प्रार्थनेला माझ्याच वयाची एक बाई उभी राहिली. तिनं डोळे मिटले आणि सगळ्यांच्या आधी माझं नाव घेतलं. पुरं नाव, माहेरचं. मग म्हणाली, "तिले गणितमा पास कर, प्रभू." आणि अख्खी मंडळी म्हणाली, आमेन.

मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. उपासना संपल्यावर मी तिला गाठलं. तीच हो, तुमची फेफरं येणारी मुलगी. आता गोळ्या घेते, तीन नातवंडं आहेत. माझा हात धरून ती म्हणाली, "आबा दर खेपले पहिलं नाव तुमनं लेत. तुमना ताप, तुमनं गणित, बठ्ठं सांगेत. आमनं काय, शेवटले एकच, ह्या बठ्ठासले आशीर्वाद दे." मग जरा हसली. "आम्हले भलता राग ये तुमना. आबा आमना, नि नाव तुमनं." तुम्ही गेल्यावर पुढचं त्यांना सांगायला कोणी उरलं नाही. म्हणून तुम्ही जिथं सोडलंत तिथूनच ते मागत राहिले. इतकी वर्षं माझं गणित डोंगरात चालू होतं, आणि मी इथे काउंटरवर बसून त्यांच्यावर जळत होते.

हे कळल्यावर हेवा जायला हवा होता. गेला नाही. तिनं माझं नाव तुमच्या तोंडून ऐकलं, मी तिच्या तोंडून. यात मोठा वाटा कोणाला मिळाला ते तुम्हीच सांगा. एकदा, एकच शनिवार, तिथलं इथं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

पत्ता नसलेल्या पत्राचं काय होतं ते रोज बघते, त्यामुळे हे पेटीत टाकणार नाही. पण एक सांगायचं राहिलं. निघताना तिनं विचारलं, "ताई, मंग निकाल काय लागना?" खरं ते सांगितलं असतं तर पुढच्या रविवारपासून माझं नाव थांबलं असतं. मी म्हटलं, "अजून लागला नाही." ती माझ्या पिकल्या केसांकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं असणार. "मंग चालू ठेवूत," म्हणाली.

पास झाले होते पप्पा. काठावर.