देशाची चौकशी

३ जुलै
लेकीनं, राजनंदिनीनं, पुण्याहून फोनवर सांगून टाकलं. लग्नाचं तिनंच जमवलंय. मुलगा तिथल्याच, तिच्या कंपनीतला, नाव मातियास, लिक्टेनस्टाइनचा. म्हटलं, हे गाव कुठं आलं? "अण्णा, तो देश आहे." मोबाईल शेणात पडता पडता राहिला.

४ जुलै
आपल्यात सोयरीक म्हटली की आधी चौकशी. शिवार किती, पाणी कसं, भावकी कशी. मोबाईलवरच सुरू केली. नकार द्यायला एक खोट सापडली तरी पुरे.

ढीगभर सापडल्या! आख्खा देश आपल्या वेल्हे तालुक्यात मावून वर गायरान उरेल. विमानतळ नाही. पैसासुद्धा शेजारच्या स्वित्झर्लंडचा वापरतात. समुद्र बघायचा तर दोन देश ओलांडा. आपल्याकडं घाट उतरला की कोकण.

आमची ही चुलीपासून म्हणाली, "तिला काय तितं मासळी इकायचीय?"

९ जुलै
इतिहास काढला. कुण्या सरदारानं दोन जहागिऱ्या विकत घेतल्या, त्याचा हा देश झाला. का घेतल्या, तर बादशहाच्या दरबारात बसायला जागा मिळावी. मग शंभरावर वर्षं मालक तिकडं फिरकलेच नाहीत. पुण्याचे लोक आपल्याकडं फार्महाऊस घेतात, तसलंच. ही माणसं लेक काय सांभाळणार? नंदिनीला फोन लावून साफ सांगितलं — नाही म्हणजे नाही. ती "बरं" म्हणाली. एवढंच.

२१ जुलै
भाताची लावणी. कंबर गेली. बांधावर टेकून पुढचं वाचलं. यांचं सैन्य लढाईला गेलं ऐंशी जणांचं, परत आलं तर एक्याऐंशी! वाटेत एक परका दोस्त झाला, त्यालाही घेऊन आले म्हणतात. एकटाच हसत बसलो. मेव्हणा धनाजी म्हणाला, "दाजी, कंबरंचं डोस्क्यात गेलं व्हय?" त्याला सांगितलं. तोही हसला.

५ ऑगस्ट
वेल्ह्यात चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, असला कसला टीचभर देश. लई राग आला. त्यांच्याकडं डोंगरावर राजाचा किल्ला, पायथ्याला गाव. तोरण्याखाली आपलं वेल्हे तरी दुसरं काय आहे? अन् पंधरा ऑगस्टला त्यांचाही सण असतो, राजा सगळ्यांना वर बोलावतो. चहा गार झाला तरी माझं संपेना.

घरी आलो तर ही म्हणाली, "आख्ख्या देशाची चौकशी झाली. पोरगं कसं हाय, इचारलं का?"

नाही विचारलं.

१४ ऑगस्ट
नंदिनीला म्हटलं, त्याला एकदा घेऊन ये, तोरणा दाखवू. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही नाही म्हणालात, त्याच दिवशी मी त्याला नाही म्हणून कळवलं."

जेवण गेलं नाही. हिनं ताट उचलून नेलं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला धनाजीला पाठवलंय. मी पहिल्या एसटीत, पुण्याला. ऐंशीचे एक्याऐंशी होऊन आले, तर मला का जमू नये? एकटा चाललोय. येताना तिघं यायचं.