लायलची सही

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज सदतीस सह्या. पाय म्हणजे नुसती लाकडं झालीत. तेहेतीस वर्षं याच रस्त्यांवर टपाल वाटलं, पण तेव्हा एवढी कधी दमले नाही — तेव्हा लोक दार तरी उघडायचे! आता मी फाटकाशी दिसले की पडदे हलतात. सही केली की नाव सगळ्यांना दिसतं. काउंटीचा कारभार हाकणाऱ्या वेंडेल हॅक्बार्थला सगळ्यात आधी.

जुन्या डेअरीजवळची ती बाई म्हणते, "अर्लिस, तुझं बरोबर आहे गं, पण माझा जावई काउंटीच्या रस्ते खात्यात आहे." दार बंद. त्याच्या पुढच्या घरात सून काउंटीच्या शाळेत. त्याच्या पुढे भाऊ शेरीफकडे. इथे कुणी लाच देत नाही, कुणी घेत नाही, सगळे नुसते एकमेकांच्या उपकाराखाली दबलेले!

गुरुवार, १६ ऑक्टोबर

लायलला दुपारचं सूप भरवलं. अर्धं पोटात, अर्धं गळ्यातल्या लाळेऱ्यावर. खिडकीतून तळं बघत होता. तोंड पुसल्यावर म्हणाला, "आभारी आहे, बाईसाहेब." अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार आणि मी बाईसाहेब! हसू आलं. मग गाडीत बसून रडले.

काउंटीचं हे म्हाताऱ्यांचं घर माझ्या जन्माआधीपासूनचं. जूनमध्ये काउंटीच्या मंडळानं दार लावून बैठक घेतली आणि ते विकून टाकलं. "परवडत नाही," म्हणे. घेणाऱ्या कंपनीत भागीदार कोण? वेंडेलचा जावई. आणि मंडळाचा अध्यक्ष कोण? वेंडेल. कुंपणानंच शेत खाल्लं. तेही आम्हाला साप्ताहिकातल्या एका पोरीनं शोधून सांगितलं, नाहीतर आम्ही बसलो असतो हातावर हात ठेवून.

ज्यांची स्मृती गेली आहे त्यांचा विभाग कंपनीला नकोय. जानेवारीत व्यवहार पुरा झाला की लायलला नव्वद मैल लांब टाकणार. माझ्या डोळ्यांनी बर्फात नव्वद मैल गाडी चालवायची? महिन्यातून एकदा कुणी नेलं तर नेलं. मग सूप कोण भरवणार त्याला?

म्हणून हे सह्यांचं खूळ. वेंडेलच्या भागातल्या चारशे बारा मतदारांनी महिनाअखेरपर्यंत सही केली, की त्याला पुन्हा निवडणुकीला उभं राहावं लागतं. तो पडला तर विक्री थांबवता येईल. तर!

शनिवार, १८ ऑक्टोबर

पाऊस. नऊ सह्या. एक कुत्रं चावता चावता राहिलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण. बर्नाडिन प्रत्येक टेबलावर कागद घेऊन फिरत होती. सह्यांची मोहीम तिनंच सुरू केली. ती पूर्वी शाळेची बस चालवायची, आवाज अजून तसाच. "खा, खा, पण आधी सही! मासा कुठे पळून जात नाही!"

तेवढ्यात वेंडेल आला. ताट घेऊन सरळ माझ्याच टेबलावर. "अर्लिस, सगळ्यांकडे गेलीस, माझ्याकडे नाही आलीस. मी करू का सही?" सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले! घरी येईपर्यंत स्वतःचा राग येत होता.

त्याला नुसता नालायक म्हणून मोकळं होता आलं असतं तर किती सोपं होतं. तीस हिवाळे तो आणि लायल गोठलेल्या तळ्यावर बसून मासे पकडायचे. आजही दर रविवारी येतो, लायलला पेपरातलं मॅचचं वर्णन वाचून दाखवतो. लायलला कळत नाही. तरी वाचतो.

बुधवार, २९ ऑक्टोबर

म्हाताऱ्यांच्या घरात सह्या घेतल्या. भानावर आहेत त्यांच्याच. नऊ झाल्या. कागदावर दहा ओळी असतात.

दहावी लायलची.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

काल पुरतं लिहिलं नाही. या वहीशी खोटं बोलून काय मिळणार आहे? कोण वाचणार आहे हे?

मी त्याच्या बोटांत पेन दिलं. वरून माझ्या हातानं त्याचा हात धरला आणि त्याचं नाव काढलं. तो पेनाकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून अगदी अदबीनं म्हणाला, "अजून काही मदत करू का, बाईसाहेब?" मी म्हटलं, "नको, झालं." मग कागदाच्या तळाशी माझी सही केली — शपथेवर सांगते, की वरच्या सगळ्यांनी माझ्यासमोर, समजून-उमजून सही केली आहे.

आणि खरी बोचणी ती नाहीच. खरी बोचणी ही, की लायलनं ही सही जन्मात केली नसती. "वेंडेलविरुद्ध? मी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" असंच म्हणाला असता. दर निवडणुकीला आम्ही एकाच गाडीतून जायचो, एकमेकांचं मत खोडायचो आणि येताना डोनट खायचो. अठ्ठेचाळीस वर्षांत त्याचं मत एकदाही फिरवता आलं नाही मला. काल फिरवलं. त्याचा हात धरून.

का केलं? खाट त्याचीच जातेय म्हणून. आणि ती एक ओळ रिकामी बघवेना म्हणून.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सगळे कागद काउंटीच्या कचेरीत ट्रूडीकडे दिले. चारशे अडतीस! बर्नाडिननं ट्रूडीचा मुकाच घेतला. ट्रूडी म्हणाली, "अहो, मी सरकारी नोकर आहे, मला हे चालत नाही." मी कोपऱ्यात उभी. लायलचा कागद मधे कुठेतरी गेला.

सोमवार, १० नोव्हेंबर

वेंडेलच्या वकिलानं हरकती घेतल्या. कुणी भागाबाहेरचा, कुणी दोनदा सही केलेला. एकोणीस गेल्या. उरल्या चारशे एकोणीस. "सात जास्त आहेत, अर्लिस! सात!" बर्नाडिन फोनवर एवढी ओरडली की रिसीव्हर लांब धरावा लागला. शुक्रवारी हरकतींची मुदत संपते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वेंडेल आला होता. मागच्या दारानं, नेहमीसारखा. बूट काढून ठेवले. मी कॉफी ओतली. सवय!

"झॅस्ट्रोनं सांगितलं मला," म्हणाला. झॅस्ट्रो म्हणजे लायलच्या खोलीतले दुसरे म्हातारे. "फार कौतुकानं सांगत होता. बघ, लायल आता लिहायला लागला!"

मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"अर्लिस, मी तीस वर्षं त्याच्याबरोबर मासे धरलेत. त्याला चमचा धरता येत नाही, पेन काय धरणार?"

"मग घे की हरकत. बसलायस कशाला?"

"हरकत घेतली तर तुझ्यावर खटला. लायलचं नाव पेपरात. मला नकोय ते. तू स्वतःच ट्रूडीकडे जा. म्हण, कागद भरताना घोळ झाला, तो परत द्या. आपली वयं झाली, घोळ होतात. कुणी काही विचारणार नाही."

तो कागद गेला की दहा सह्या जातात. तीन कमी पडतात. त्यानं हिशेब करूनच बूट काढले होते.

"आणि लायल?"

"लायलची खाट हलणार नाही. तीच खोली, तीच खिडकी. तो आहे तोवर. मी बोललोय तिकडे."

"तिकडे म्हणजे जावयाकडे."

कप फिरवत बसला. मग म्हणाला, "हवं तर लिहून देतो."

"आणि झॅस्ट्रोची खाट? बाकीच्यांच्या?"

"सगळ्यांचं मी कुठवर बघू, अर्लिस?"

जाताना त्यानं कप स्वतः विसळून ठेवला. लायलनं उभ्या आयुष्यात कधी विसळला नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

स्पष्टच लिहिते. मला ती खाट हवी आहे. हवी आहे, हवी आहे! थकले मी. दारं ठोठावून थकले, खोटं हसून थकले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत गावभर फिरले, आणि माझ्या डोळ्यात हे एवढं मुसळ.

गंमत म्हणजे वेंडेल मला खोटं बोलायला सांगतच नाहीये. खरंच बोल म्हणतोय — अर्धं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ट्रूडीला म्हटलं, "कागद भरताना घोळ झाला." त्याचेच शब्द. तिनं चष्म्यावरून बघितलं, काहीतरी विचारणार होती, नाही विचारलं. कागद बाजूला काढला.

तीन कमी. संपलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बर्नाडिन ओव्हनमधल्या भाताचं भांडं घेऊन आली. वाटलं होतं, शिव्या देईल. "असू दे गं. तूच तर सगळ्यात जास्त चाललीस. होतो घोळ." माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. भात तसाच फ्रिजमध्ये आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पत्र आलं. कंपनीच्या छापील कागदावर. लायल टॉमचॅक यांची खोली त्यांच्या हयातीपर्यंत राखीव. सोबत छोटी चिठ्ठी, वेंडेलच्या अक्षरात: "बोलल्याप्रमाणे. कागदाचं काम केल्याबद्दल आभार."

तेहेतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. एवढं जड पाकीट कधी हातात आलं नव्हतं. दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आजपासून हरणांच्या शिकारीचा हंगाम. गावातले सगळे पुरुष नारिंगी जॅकेटं घालून रानात. म्हाताऱ्यांच्या घरात शुकशुकाट. आणि लायलच्या विभागात प्रत्येक खाटेवर एकेक पाकीट — १५ जानेवारीला हलवण्याची नोटीस.

प्रत्येक खाटेवर. लायलची सोडून.

झॅस्ट्रोंनी त्यांचं पाकीट उघडलंच नव्हतं, चष्मा सापडत नव्हता. मला म्हणाले, "वाचून दाखव ना, अर्लिस. चांगली बातमी आहे का?" वाचून दाखवलं. टपालवालीनं आणखी काय करायचं? त्यांनी नोटिशीची नीट घडी केली. मग लायलच्या खाटेकडे बोट करून म्हणाले, "त्याचं पाकीट कुठं पडलं? बघ, खाली गेलं असेल. त्याचं राहायला नको. एकत्र गेलो तर बरं, मला त्याच्या घोरण्याची सवय झालीय."

आणि खुर्चीतून वाकून ते खाटेखाली शोधायला लागले! ऐंशीच्या पुढचा माणूस. मी म्हटलं, "राहू द्या हो, येईल उद्या." किती सहज म्हटलं! आता खोटं बोलताना माझी जीभ अडखळतसुद्धा नाही.

लायलनं आज सूप घेतलं नाही. तोंड मिटून बसला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. बर्नाडिननं सणाच्या जेवणाला बोलावलं होतं. डोकं दुखतं म्हणून कळवलं.

मंगळवार, २ डिसेंबर

बसनं राजधानीत, मॅडिसनला गेले. राज्याच्या सरकारी वकिलांच्या कचेरीतली पोरगी माझ्या नातीएवढी. टेबलावर पत्र आणि वेंडेलची चिठ्ठी ठेवली. आमच्या स्वयंपाकघरात काय काय बोलणं झालं, सगळं सांगितलं. तिनं भराभर लिहून घेतलं. मग पेन थांबवलं. "मिसेस टॉमचॅक, तुमच्या नवऱ्याची सही तुम्ही केली असेल तर तो गुन्हा आहे. ही खोली घेतलीत, तोही होऊ शकतो. आणि खोली तर जाईलच. आधी एखादा वकील गाठा, मग बोला."

"माहीत आहे मला," म्हटलं. "आधी माझा गुन्हा लिही, बाळ. मग त्याचा."