डेल्फीची सकाळची हाक

बुसैतीन, बहरीन

प्रिय आई,

येशूची शांती तुझ्या उशाशी असो. मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, हॉस्पिटलातली ड्युटीही झेपते. तू गुडघ्यांना तेल लावतेस ना?

चर्चमागच्या खोलीत बाबांनी भक्तिगीतांचा रेडिओ सुरू केला, तेव्हा एक हार्मोनियम आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेले अंड्यांचे ट्रे, एवढाच स्टुडिओ होता. आता तो रेडिओ इथं फोनवर लागतो. ड्युटीला जाण्याआधी मी रोज ऐकतो.

आणि रोज गाण्यांआधी तुझी लेक डेल्फी विचारते, "उठलात का हो सगळे? प्रभू केव्हाचा जागा आहे!" मागे आपला कोंबडा आरवतो. तिला मातीत ठेवून पावसाळा उलटला, पण रेकॉर्डिंगमध्ये ती तशीच हसते. माझा चहा हातातच निवतो.

आता रेडिओ सांभाळणाऱ्या आपल्या सॅव्हिओचा फोन आला होता. म्हणाला, "दादा, लोकांना भीती वाटते. मेलेल्या बाईचा आवाज लावू नका म्हणतात. आई तर रोज रेडिओला सांगते, उठले गं बाय! नाताळनंतर दुसरी मुलगी बोलेल." तुझ्या काळजीनं मी हो म्हटलं.

पण आज सकाळी डेल्फीनं विचारलं आणि खोलीत कुणीतरी म्हणालं, "उठलो गं." मी दचकून मागे पाहिलं. खोलीत मी एकटाच होतो.

सॅव्हिओला सांगितलंय, तिचा आवाज राहू दे. तू उत्तर देत जा, आई. मीही इथून देतो.

तुझा आशीर्वाद मागणारा,
बस्त्याव