चिपाडाची भिंत

आबा, परवा घराच्या गिलाव्याचं काम चाललं होतं. गवंड्याला चहा देताना माझ्या हातून साखर मालात सांडली, तर तो अंगावरच आला. “ताई, साखर पडल्यालं सिमेंट धरत न्हाय. टाकून द्या त्यो माल.” मी तिथंच वाळूच्या ढिगावर बसले.

आपल्या उसाच्या पाचटाच्या खोपीला आग लागली आणि आईचा हात भाजला, तेव्हापासून न जळणाऱ्या खोलीचा तुम्ही ध्यासच घेतला होता. तुम्ही गुऱ्हाळावर गूळ रांधणारे. ऊस पिळून उरलेलं चिपाड तुमच्यासमोर चुलवाणात जळायचं. तेच कुटून सिमेंटात कालवायचं, त्याच्या फळ्या पाडायच्या आणि भिंत उभी करायची, असं तुम्ही ठरवलंत. गाव हसलं. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं. त्यासाठी पन्हाळ्याला खेटे घालताना कुणीतरी तुम्हाला सांगितलं, गडाच्या चुन्यात गूळ आहे म्हणून तट उभा आहे. तुम्हाला ते पटलं. गूळ तर आपल्या घरचाच.

मला अजून दिसतं, तुम्ही अंगणात उकिडवे बसलाय. फळी उचलताय आणि ती मधोमध मोडतेय, आतून ओलीच. “गूळ कमी पडला,” तुम्ही म्हणता आणि पुढच्या घाण्यात आणखी मूठभर घालता. आई दारातून म्हणते, “ऱ्हाऊ द्या की ओ. खोपच बरी हाय.” शेवटी सगळा भुगा उकिरड्यावर ओतलात. “माझ्या हाताला यश न्हाय,” म्हणालात, आणि पुन्हा थापीला हात लावला नाहीत. गेलात तेही पाचटाखालीच.

चुन्याला गूळ चालतो, सिमेंटाला नाही. चिपाडात उरलेली साखर गरम पाण्यानं धुऊन काढली असती, गुळाच्या त्या मुठी घातल्या नसत्या, तर कदाचित भिंत धरली असती. आता हे कळून काय उपयोग? चिपाड अजूनही जळतंच आहे आणि तुमची खोली काही होणार नाही. मला फार वाईट वाटतं, आबा.

आई थकलीय, पण तुम्हाला सिमेंट देणाऱ्या दुकानदाराला अजून शिव्या घालते. त्यानं राख मिसळली होती, असं तिचं ठाम मत आहे. गुळाचं मी तिला सांगितलं नाही. खरं सांगू? तुम्ही असता, तर तुम्हालाही सांगितलं नसतं. हे लिहितेय, तेही तुम्ही वाचणार नाही म्हणूनच.