राजाच्या जेवणाचा भोंगा

आई,

राजा जेवतोय. आधी तेवढं सांगून टाकते, नाहीतर तू पुढचं काही ऐकायचीच नाहीस. पोटभर जेवतोय. मऊ वरण-भात, कुस्करलेला भोपळा, रविवारी शिरा. गालही जरा वर आलेत. आता नीट बस आणि बाकीचं ऐक. त्याला मी सोनिवलीला ठेवलंय. तिथे नव्या बिल्डिंगांच्या मागे त्याच्यासारख्या मुलांसाठी एक राहायचं घर आहे. मुलं आपली म्हणायची, बऱ्याच जणांना दाढ्या आहेत, आणि तुझा हा धाकटा लेक तर आता निम्मा पांढरा झालाय. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. कॉलेजात असताना मी एकदा एका संस्थेची नुसती चौकशी केली होती, तर तू लाटणं थांबवून म्हणालीस, "तो काय रिकामी बाटली आहे, भंगारवाल्याला द्यायला?" मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस. बाबांशीही नाही, आणि ते बिचारे तर मध्ये एक अक्षर बोलले नव्हते.

तू गेलीस आणि मी त्याला बुवापाड्याच्या चाळीतून माझ्याकडे आणलं. इतकी वर्षं काढली, आणि गंमत म्हणजे मजेत काढली. तू उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्सची कतरणं आणून शिवलेली त्याची लाळेरी अजून चालतात, फाटता फाटत नाहीत. पण आमच्या ह्यांचे गुडघे आणि माझी कंबर एकदमच संपावर गेली. गेल्या वर्षी त्याला अंघोळ घालताना मी पाय घसरून पडले आणि तो माझ्या अंगावर. त्याला वाटलं खेळच चाललाय, खदाखदा हसत होता. मला तर उठताच येईना, शेजाऱ्यांनी येऊन दोघांना उचललं. डॉक्टर म्हणाले, आता ह्याला उचलायचं नाही. मी म्हटलं, मग हा काय चालत जाणार आहे? त्या दिवसापासून मनात एकच घोळत राहिलं. मी आधी गेले तर ह्याचं काय? आणि नाही गेले, तरी ह्याचं काय?

सोडायला गेले तेव्हा तिथल्या मावशीला सगळं सांगितलं. गोळ्या कशातून द्यायच्या, कोणत्या कुशीवर झोपतो, पंखा बंद केला की रडतो. मावशी जवळच्याच गावातली, हाताने दणकट, बोलायला मऊ. घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी तिथलं सगळं बघणाऱ्या मॅडमचा फोन. राजा तोंड उघडत नाही. नवीन जागा आहे, रुळेल, म्हणाल्या. पण तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बदलला. पाणी कसंबसं पोटात जातंय, घास एकही नाही, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर तुम्ही त्याला घरी घेऊन जा. मी डबा भरला आणि रिक्षा केली. वाटेत ठरवूनच टाकलं होतं, आणते परत, कंबर गेली खड्ड्यात.

तर आई, तो माझ्या हातूनही जेवेना. ओठ गच्च मिटलेले, नजर दाराकडे. मी 'राजा, राजा' करतेय, डोळ्यांतून पाणी चाललंय, आणि तो जसा काही मला ओळखतच नाही. डब्यातला भात गार झाला म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. पातेलीत भात घातला, गॅस लावला, चमचा फिरवला, आणि सवयीने माझ्या तोंडून निघाला भोंगा. भोंऽऽऽ. स्वयंपाकीण दचकून मागे सरकली. आणि बाहेरून राजाचा चीत्कार आला, तोच, घर डोक्यावर घेणारा. धावत गेले तर तोंड हे एवढं उघडं.

मी सगळं सांगितलं होतं आणि तेवढंच राहिलं होतं. कसं सुचणार? आपल्या घरात ते कधी कुणाला सांगावंच लागलं नाही. बाबांच्या फॅक्टरीचा दुपारचा भोंगा झाला की तू ताट वाढायचीस, आणि तो विरता विरता राजाचं तोंड उघडायचं. पुढे फॅक्टरी बंद पडली, भोंगा गेला, आणि हा जेवेना. तेव्हा तू ओट्याशी उभी राहून, तोंडाशी हातांचा द्रोण करून भोंगा काढलास. आख्खी चाळ हसली. बाबा नुकतेच घरी बसले होते, तोंड पाडून, तेही त्या दिवशी पहिल्यांदा हसले. म्हणाले, साहेबांपेक्षा तुझा टाइम पक्का. मग तो भोंगा आपल्या घरात फोडणीसारखा रोजचाच झाला. फोडणी देते असं कोण कुणाला सांगतं?

मावशी म्हणाली, "ताई, मी करून बघू काय?" तिने केला. अगंबाई, शेळी ओरडावी तसा. राजाने ढुंकूनही पाहिलं नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, खालून सुरू करा. एकदम वर नका जाऊ."

बोलले आणि अंगावर काटा आला. हे तुझे शब्द. तू शेवटची अंथरुणाला खिळलीस तेव्हा पहिल्यांदा ओट्याशी मी उभी राहिले, भोंगा काढला, आणि राजाने मान फिरवून तुझ्या खाटेकडे पाहिलं. माझ्याकडून घास घेईना. मला वाटलं आता तू करशील, पडल्या पडल्या का होईना. तुला तेवढा दम होता, मला माहितीय. पण तू केला नाहीस. डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "खालून सुरू कर गं. एकदम वर नको जाऊस." तो दोन वेळा उपाशी राहिला, तू भिंतीकडे तोंड करून रडलीस, पण भोंगा काढला नाहीस. तिसऱ्या वेळी तो माझ्या भोंग्यावर जेवला.

म्हणून मीही मावशीकडेच सोपवला आणि निघाले. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, अर्धी वाटी खाल्ली.

परवा रविवारी शिरा घेऊन गेले होते. मोठ्या ऐटीत भोंगा काढला, अगदी तुझ्यासारखा. राजाने माझ्याकडे पाहून छान हसून दाखवलं आणि तोंड मिटून मावशी येते का ते बघत बसला. तिचा अजूनही शेळीसारखाच निघतो. पण त्याला आता तोच लागतो. माझा शिरा तिच्या हातून खाल्लान लबाडाने.

रिक्षात बसून मी चिक्कार रडले. घरी आले, आडवी झाले, आणि आई, मला इतकी गाढ झोप लागली की ह्यांनी चहा करून उठवलं. आता रोज दुपारी झोपते. तुला कधी अशी झोप मिळाली नाही, म्हणून सांगायला लाज वाटत होती.