चौथं रबर

प्रिय मोनाली,

सप्रेम जय भीम. पप्पांचं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगतो, घरी सगळं चांगलं आहे. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर आटोक्यात आहे. फोन सोडून पत्र का लिहितोय ते शेवटी कळेल. बातमी मात्र आत्ताच सांगून टाकतो, पोटात राहत नाही. तुझा ड्रोन नीट झाला! कॅमेरा आता जरासुद्धा थरथरत नाही. आणि तो कुठल्या सर्व्हिस सेंटरनं नाही, मी आणि तुझ्या आईनं नीट केला.

तुझ्या मैत्रिणीच्या, सोनियाच्या लग्नाचं शूटिंग केल्यावर तू तो कपाटावर टाकलास आणि पुण्याला नोकरीला गेलीस, त्याला दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात आईनं साफसफाईला बॅग खाली काढली आणि मला म्हणाली, "चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गाड्या नीट केल्या, ह्ये एवढंसं यंत्र नाय व्हय जमत तुम्हाला?" मला लागलं ते. त्याच दुपारी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. तिनातली एकच चालली, पण चालली. ड्रोन चालू केला की कॅमेऱ्यानं मान वर-खाली, डावी-उजवीकडं फिरवून शांत बसायला पाहिजे. हा बसेना. थंडीत भिजलेल्या करडासारखा थरथरायचा, आणि मोबाईलवर बघावं तर आपलं पुंडलिकनगर एका अंगाला कललेलं.

मी वहीच काढली आणि गाडीची तक्रार लिहावी तशी लिहायला लागलो. आधी बाहेरचं बघायचं, ही आपली जुनी सवय. कॅमेऱ्यावरचं झाकण काढलेलं आहे, हे तपासलं. सांध्यात एक लांब केस गुंडाळला होता, तो सोडवला. केस तुझाच. आई तो हातात धरून बघत बसली होती थोडा वेळ. मग एका पंख्याची कड चावल्यासारखी दिसली, तो बदलला. तरी थरथर तशीच. मोबाईलमध्ये बघितलं तर कॅमेऱ्याला सरळ उभं राहायला शिकवायची एक सोय निघाली, पण त्यासाठी ड्रोन अगदी सपाट जागेवर ठेवावा लागतो. आपल्या घरात एकही जागा सपाट नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर गवंड्याची पाणसळ ठेवून, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून ते सरळ केलं. दोन मिनिटं आम्ही दोघं श्वास रोखून उभे. कलणं गेलं. थरथर राहिली.

चार दिवस मी नुसता बघत होतो त्याच्याकडं. मग पाचव्या दिवशी चहा पिताना एकदम आठवलं. बसचं इंजिन चेसिसवर नुसतं बसवत नाहीत, मधे रबराचं माउंटिंग असतं. ते गेलं की काचा वाजतात, सीट हादरतं, आणि नवखा मेकॅनिक उगाच इंजिन खोलून बसतो. चहा तसाच सोडून भिंग घेतलं. कॅमेरा एका छोट्या पट्टीला लटकलेला, आणि पट्टी चार बारीक रबरांवर, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. तीन जागेवर होती. चौथं भोकातून निसटून कोपऱ्यात अडकलेलं! मी एवढ्यानं ओरडलो की शेजारच्या आवडाबाई विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

माझ्या नट आवळायचे पाने धरणाऱ्या बोटांना ते काही जमेना. तीनदा रबर उडालं, तीनदा आम्ही फरशीवर रांगलो. मग आई म्हणाली, "सरका." चष्मा लावला, दोरे ओढायचा बारीक चिमटा घेतला, आणि ब्लाउजचं हुक बसवावं तसं त्या रबराचं टोक भोकातून ओढून घेतलं. चालू केला. कॅमेऱ्यानं मान फिरवली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि गप बसला. तुझी आई नाचली, मोने. गुडघ्याचं दुखणं विसरून नाचली.

विमानतळ जवळ, त्यामुळं घराजवळ उडवायचा नाही हे तूच शिकवलंस. म्हणून रविवारी पैठणची एसटी धरून ढोरकीनला केसरबाई मावशीच्या मोसंबीच्या बागेत गेलो. मावशीनं नवं लुगडं नेसून, हातात विळा घेऊन फोटोला उभं राहिल्यासारखी पोझ दिली. किती सांगितलं, हा व्हिडिओ आहे, हल तरी! ड्रोन वर गेला आणि माझी बोटंच आखडली, खाली कसा आणायचा ते आठवेना. आईनंच घरी परतायचं बटण दाबलं. पण वरून काय दिसलं सांगू? मोसंबीच्या रांगा सुतात ओढल्यासारख्या, आणि मधे तीन म्हातारी माणसं आभाळाकडं हात हलवतायत. चित्र जागचं हललं नाही. घरी येऊन टीव्हीवर सहा वेळा बघितलं.

आता जे फोनवर बोलायला जमलं नाही, ते. सोनियाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू मेंदी काढायला गेली होतीस. मी तुला न विचारता ती बॅग घेतली आणि स्टँडवर गेलो. तिथं आमचे रिटायर झालेले सगळे चहाला जमतात, त्यांना दाखवायचा होता. माझ्या पोरीचं विमान. घरी तुला रोज नोकरी बघ म्हणणारा मी, तिथं तासभर तुझंच कौतुक करत होतो. येताना स्पीड ब्रेकरवर स्कूटरवरून बॅग पडली. वरून काही दिसलं नाही, म्हणून गप राहिलो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ थरथरत आला, लोक भूकंप भूकंप म्हणून हसले, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, माझाच हात तयार नाही. मी तिथंच उभा होतो, पोरी. तोंड उघडलं नाही. उलट तुला पुण्याच्या गाडीत बसवून आलो. सोनिया बाळाला घेऊन माहेरी आलीय, काल तिथं जाऊन तिच्या आईवडिलांना सगळं खरं सांगितलं. सोनिया आधी हसली, मग रडली. तिच्या बाळाचं नामकरण पुढच्या महिन्यात आहे, आणि शूटिंग मोनालीनंच करावं असं ती म्हणते. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तुझ्या वतीनं ठरवायचा हक्क मला नाही. तिचा नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय. रागवायचं असेल तर आधी मला फोन कर, सगळं ऐकून घेईन.

तुझा चुकलेला आणि तरी तुझाच,
पप्पा